मोरगे सरांचे वण

काशिनाथ होळकुंदेच्या धाकट्या बहिणीचं, महानंदाचं, लग्न ज्या वर्षी लागलं, त्याच वर्षी लातूरच्या औसा रस्त्यावरच्या त्याच्या प्रयोगशाळेत मेंदूतले वण मोजणारा वणमापक तयार झाला. घरात ते वर्ष तसंच लक्षात राहिलं, कारण हळदीच्या दिवशी काशिनाथची मुलगी सुवर्णा मांडवात नव्हती. मागच्या खोलीत भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडं ठेवून ती रडत बसली होती. नववीत होती. नवरीनं स्वतः जाऊन तिला बाहेर आणलं, तेव्हा तिच्या गालाला हळद कमी आणि पेनाची शाई जास्त लागली होती.

लातूर म्हणजे शिकवण्यांचं गाव. चौकाचौकात शिक्षकांचे मोठाले फोटो लागलेले आणि प्रत्येक फोटोखाली त्या शिक्षकानं स्वतः विद्यार्थी असताना मिळवलेले गुण. पालक ते गुण वाचून शिक्षक निवडायचे. काशिनाथनंही तेच केलं होतं. गणिताला आणि भौतिकशास्त्राला त्यानं एकापेक्षा एक हुशार माणूस घरी आणला. प्रत्येक जण सुवर्णाला एकच वाक्य सांगायचा, "अगं, सोपं आहे." आणि ते वाक्य ऐकलं की पोरगी मिटून जायची.

लग्नाची पाहुणेमंडळी गेल्यावर त्यानं हे रझियाजवळ काढलं. डॉ. रझिया देशमुख त्याच्या प्रयोगशाळेतल्या मेंदूतज्ज्ञ, मूळच्या निलंग्याच्या, बोलायला फटकळ.

"पोरगी ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "तुलाच मास्तर शोधता येईना झालाय."

"गावातले सगळ्यात हुशार लोक लावले, रझियाबाई."

"तेच तर. अरे, आपण वर्षभर काय मोजतोय इथं? माणूस एखादी गोष्ट समजून घेताना अडकला, बराच काळ अडकून राहिला आणि मग सुटला, की मेंदूत त्या जागी वण राहतो. पुढं जन्मभर तो त्या जागेवरून जाताना किंचित थांबतो. पापणी लवायच्या आत. त्याला पत्ता नसतो, आपल्या यंत्राला असतो. तुझे ते हुशार लोक कुठंच थांबत नाहीत. त्यांना वणच नाहीत. सुवर्णा कुठं अडकलीय ते त्यांना दिसणार कसं?"

"म्हणजे तिच्यासारखाच अडकलेला माणूस शोधायचा?"

"अडकून सुटलेला. नुसता अडकलेला तूही आहेस."

"आणि यंत्रानंच शिकवलं तर?"

"यंत्र उत्तर देईल. उत्तर पुस्तकातपण होतं. पुस्तक मांडीवर घेऊनच रडली ना ती?"

काशिनाथनं सुवर्णाचा अडखळपट काढला. गणितं सोडवताना तिची नजर आणि तिचा हात कुठं थांबतो, त्याचा तो नकाशा. मग जिल्ह्यातल्या, यायला तयार असलेल्या प्रत्येक शिक्षकाचा वणपट काढून तो त्यावर ठेवून पाहिला. एकच माणूस जुळला. नागनाथ मोरगे, चाळिशी ओलांडलेले, औशाच्या एका शाळेत शिक्षक. बारावीला भौतिकशास्त्रात दोनदा नापास. चौकात त्यांचा फोटो लागण्याचा प्रश्नच नव्हता.

"तुम्ही मला माझ्या हुशारीसाठी बोलवलंय का ढपणासाठी?" पहिल्याच दिवशी त्यांनी दारात विचारलं.

"खरं सांगू का सर?" काशिनाथ चाचरला.

"नका सांगू. चहा सांगा."

वर फेकलेला चेंडू सगळ्यात उंच जागी क्षणभर थांबतो, तरी तिथं त्याचं त्वरण शून्य का नसतं, हे सुवर्णाला पटत नव्हतं. सरांनी तिचं वाक्य पुरंसुद्धा होऊ दिलं नाही. "थांबतो म्हणतीस? मग तिथंच लटकून का राहत नाही गं?" सुवर्णा हसली. संध्याकाळपर्यंत तिची सगळी उदाहरणं सुटली होती.

त्यानंतर काशिनाथला थांबायला वेळ मिळाला नाही. वणांवरून शिक्षक जुळवायची ही गुरुजुळणी आधी जिल्ह्यात गेली, मग राज्यात, मग शाळाशाळांत. चौकातले फोटो उतरले. नापास झालेल्या, उशिरा कळलेल्या, रखडत शिकलेल्या माणसांना पालक शोधत यायला लागले. मुलं अडकली की त्याच दिवशी सुटायची. लोक हार घालून काशिनाथचे सत्कार करत, आणि त्याला ते आवडायचं.

सुवर्णा खगोलशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा रझियाबाईंनी त्याला प्रयोगशाळेत बोलावलं. पडद्यावर जुळणीतून शिकून मोठ्या झालेल्या मुलांचे वणपट होते. कोऱ्या पाटीसारखे.

"यंत्र बिघडलंय," काशिनाथ म्हणाला.

"यंत्र बरोबर आहे. ही लेकरं अडकली, पण अडकून राहिली नाहीत. लगेच सुटली. वण पडायला वेळच मिळाला नाही."

"चांगलंच झालं की मग."

"काय सांगलालास तू? यांच्या लेकरांना कोण शिकवणार? जुळवायला वण कुणाचे आणशील?" रझियाबाईंनी खुर्ची पुढं ओढली. "जुळणी थोडी सैल कर. काही मुलांना अर्धवट जुळणारा मास्तर दे. राहू देत चार-सहा महिने अडकलेली. आत्ता वणवाली माणसं पुष्कळ आहेत, कुणी बुडणार नाही."

"कुणाच्या लेकराला मुद्दाम अडकवून ठेवू?" काशिनाथ चिडला. "नाव सांगा. तुमच्या का माझ्या?"

रझियाबाईंनी पडदा बंद केला आणि त्या घरी गेल्या. पुढं निवृत्त होऊन त्या निलंग्याला राहायला गेल्या, आणि काशिनाथनं तो विषय पुन्हा काढला नाही. तेव्हा काढायला हवा होता, हे त्याला म्हातारपणी रोज वाटायचं.

म्हातारपणी वाटायचं, कारण तोवर सुवर्णाची मुलगी ईरा, शाळेसाठी आजोळी राहणारी, नववीत आली होती.

चालत्या गाडीत चेंडू वर उडवला तर तो परत आपल्याच हातात पडतो. ईराला हे माहीत होतं, तिनं करूनही पाहिलं होतं. तिचं म्हणणं वेगळं होतं. "आज्जा, हातात होता तोवर गाडीनं त्याला पुढं नेलं. सुटल्यावर कोण नेतंय?"

"जडत्व!" सुवर्णा स्वयंपाकघरातून म्हणाली. आता ती वेधशाळेत मोठ्या पदावर होती आणि सुट्टीला माहेरी आली होती. "अगं, सोपं आहे."

ईरा मिटून गेली. काशिनाथला ते मिटणं ओळखीचं होतं.

रात्रीच्या जेवणाआधी त्यानं सुवर्णाला बाजूला घेतलं. "तुझं चेंडूचं अडलं होतं तेव्हा मोरगे सरांनी काय सांगितलं होतं, आठव जरा. तसं सांग तिला."

"आठवत नाही, अण्णा."

"काहीच नाही?"

"मला हे कधी कळत नव्हतं, हेच आठवत नाही." सुवर्णाचा आवाज खाली आला. "मी तिच्या वयाची असताना कशी होते, ते सगळं आठवतं. हेच तेवढं नाही."

काशिनाथनं स्वतः प्रयत्न केला. त्याचे वण दुसरीकडचे होते. तो जे सांगायचा ते ईरा शहाण्यासारखी ऐकून घ्यायची आणि शेवटी तोच प्रश्न पुन्हा विचारायची. त्यानं तिचा अडखळपट राज्यभरात टाकला. शिक्षकांच्या यादीत आता बहुतेक कोरे पट होते. वण असलेले होते ते सगळे म्हातारे, आणि त्यातही ईराशी जुळणारं नाव एकच आलं.

मोरगे सर औशाला लेकाकडं अंथरुणावर होते. श्वास लागायचा, पण जीभ शाबूत होती.

"पुन्हा ढ माणूस लागला का होळकुंदे?"

"नातीसाठी आलोय, सर."

ईरा बाहेर सरांच्या सुनेशी बोलत होती. काशिनाथनं दार लोटलं आणि रझियाबाईंनी सांगितलेलं सगळं सरांना सांगितलं. मग म्हणाला, "हिला लगेच सोडवू नका. राहू द्या थोडी अडकलेली. हिला वण पडला तर उद्या ही दुसऱ्या कुणाला शिकवील. कुठून तरी सुरुवात करायला पाहिजे, आणि मी दुसऱ्याच्या लेकराचं नाव घेऊ शकत नाही."

सर म्हणाले, "मी दोन वर्षं अडकलो होतो. बापानं बोलणं टाकलं होतं माझ्याशी. ते तुम्हाला पोरीला द्यायचंय?"

"थोडंसंच."

"थोडंसं किती, ते तुमचं यंत्र सांगतं का?"

यंत्र ते सांगत नव्हतं. तरी सर हो म्हणाले.

दर रविवारी काशिनाथ नातीला घेऊन औशाला जाऊ लागला. सर तिला प्रश्नाच्या भोवती फिरवायचे. मनातल्या मनात सायकलवर बसवायचे, नावेत बसवायचे, उशीवर लिंबू ठेवून उशी ओढायचे. ईराला राग यायचा, पण सोमवारपासून ती रविवारची वाट बघायची.

एका रविवारी तिनं लिंबू हातात धरून एकदम विचारलं, "सर, कुणीतरी न्यायलाच पाहिजे, असं मला का वाटतंय?"

सरांचे डोळे चमकले. तीस वर्षांपूर्वी सुवर्णाचं वाक्य तोडताना चमकले होते तसेच. ते कोपरावर उठले, तोंड उघडलं, आणि त्यांनी काशिनाथकडं पाहिलं. एवढंच विचारलं, "सांगू का?"

ईरासुद्धा आजोबांकडं बघत होती.

काशिनाथनं मान हलवली. नको.

"पुढच्या रविवारी, बाळ," सर म्हणाले आणि परत उशीला टेकले.

परतताना गाडीत ईरा लिंबू वर उडवायची, झेलायची, पुन्हा उडवायची. वणवाली माणसं गावोगाव होती तेव्हा आपण एक दिवस थांबायला तयार नव्हतो, आणि एकच माणूस उरला तेव्हा आठवडाभर थांबवलं, हे काशिनाथला त्या गाडीत सुचलं नाही. ते गुरुवारी सुचलं, औशाहून फोन आला तेव्हा.

नागनाथ मोरगे सर ईराच्या नववीच्या वर्षी, माघ महिन्यातल्या त्या गुरुवारी, सकाळी औशाला वारले.