तोंडचं पाणी

जेवत असाल तर आधी जेवण उरकून घ्या. मग वाचा.

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत घडली, आणि शेवटी माझ्याही. गेल्या वर्षीचा मार्च महिना. मंगळवार. दुपारचे पावणेतीन. जागा माझंच दुकान. दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा.

भर दुपार होती, हे मुद्दाम सांगतोय. लोक म्हणतात, अंधारात भास होतात.

मी लॅपटॉप दुरुस्त करतो. अकरा वर्षं झाली. त्यामुळे नात्यात कुणालाही लॅपटॉप घ्यायचा असला की फोन मलाच. नवा घेऊ की जुना? रॅम किती असावी? हा इतका तापतो का? फुकटचा सल्लागार म्हणून माझी ख्याती आहे.

वहिनी घरबसल्या वकिलांचे कागद टाइप करते. तिचा लॅपटॉप पार मोडीत निघाला होता.

"भावजी, यावेळी नवाच घेते," ती म्हणाली होती.

"कशाला? टायपिंगलाच तर हवाय. ऑफिसातून निघालेले चांगले जुने मिळतात. मी बघतो."

मीच बघितला. मीच आणून दिला. ते माझ्या मनातून जात नाही.

ज्याच्याकडून आणला त्याला आम्ही लॉटवाला म्हणतो. बंद पडलेल्या ऑफिसांतले लॅपटॉप घाऊक उचलायचे, पुसूनबिसून विकायचे, हा त्याचा धंदा. हा लॅपटॉप लख्ख होता. टचपॅड तर कोरा करकरीत. जुन्या मशिनला नवा टचपॅड कसा, हे तेव्हाच विचारायला हवं होतं...

नाही विचारलं.

चौथ्या दिवशी वहिनीचा फोन.

"कर्सर नुसता उड्या मारतोय हो."

ही आमच्याकडची रोजची तक्रार. मीही रोजचीच उत्तरं दिली. ड्रायव्हर अपडेट कर. चार्जर काढून बघ. हात कोरडे आहेत ना?

"माझे हात कोरडेच आहेत. टचपॅड ओला असतो."

"घाम असेल."

"घामाला असा वास येतो?"

वहिनीचं घर म्हणजे लादीवर जेवावं इतकं स्वच्छ. ती सांगत होती, पाणी प्यायला उठून परत येते तर टचपॅडवर ओलं. अंगठ्याएवढं. पुसायला गेलं की बोटाला तार सुटते.

"शी! सांगायलाही कसंतरी होतंय. आणि भावजी, त्याच्यासमोर बसलं की सारखी तहान लागते. तोंडात ओल म्हणून राहत नाही."

"उकाडा आहे," मी म्हणालो.

मंगळवारी सकाळी दादाच लॅपटॉप घेऊन आला. पिशवीला दोन गाठी मारल्या होत्या.

"काय असेल ते बघ बाबा. तिच्या घशाखाली घास उतरत नाहीये. तोंडात नुसता घोळत राहतो. डॉक्टर म्हणाले, लाळच सुटत नाही."

तो गेला. दुपारी मी मशिन उघडायला घेतलं.

पहिली शंका बॅटरीची. बॅटरी फुगली की टचपॅड वर उचलला जातो आणि कर्सर वेडावाकडा पळतो. खालचं झाकण काढलं. बॅटरी सपाट. ठणठणीत.

पण टचपॅडच्या मागे...

पिवळट पापुद्रे होते. एकावर एक. वाळलेले, कडेला भेगा पडलेले. चिमट्याने एक उचलला. तो तुटला नाही.

ताणला गेला.

खाली अजून ओलं होतं.

झोपेतून उठलेल्या माणसाने तोंड न धुता अगदी नाकाशी येऊन बोलावं, तसा वास. मी तोंडाला रुमाल बांधला, स्पिरिटने सगळं खरवडून पुसलं, झाकण लावलं. लॅपटॉप सुरू केला. वहिनीनं टाइप केलेला लांबलचक करारनामा उघडा होता. तो तसाच ठेवला.

तोंडाची चव गेली होती म्हणून खोकल्याची एक गोळी चघळायला घेतली. नारिंगी, झणझणीत. मग पाठ करून दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा कीबोर्ड उघडला.

तेवढ्यात...

च्...

बोट जिभेला लावल्यावर होतो, तसा आवाज.

वळून बघितलं. कुणी नाही. पडद्यावरचं पान मात्र पुढे सरकलं होतं.

च्...

दुसरं पान.

च्...

तिसरं. कुणीतरी सावकाश, वाचत वाचत पानं उलटत होतं.

दार उघडं होतं. बाहेरून एक बाई फोनवर हसत चालली होती. तिला हाक मारायला तोंड उघडलं.

आवाज निघेना.

जीभ टाळूला चिकटली होती. गोळी तोंडात होती, पण खड्यासारखी कोरडी. गिळायला गेलो, गिळता येईना. तोंडचं पाणी पळालं, असं आपण किती सहज म्हणतो.

मग टचपॅडकडे नजर गेली.

अंगठ्याएवढा ओला डाग. त्यात बारीक बुडबुडे.

रंग नारिंगी.

वास घ्यायची गरज नव्हती. तरी आला... त्याच गोळीचा.

ती लाळ माझी होती.

मी मागच्या बेसिनवर जाऊन वाकलो. ओकारीही कोरडीच.

त्याच संध्याकाळी पिशवी घेऊन लॉटवाल्याकडे गेलो. तो काडीने दात कोरत बसला होता.

"आला का परत?" त्याने विचारलं.

"परत म्हणजे?"

"तीनदा टचपॅड बदललाय मी त्याचा. नवा टाकला की तीन-चार दिवस बरा चालतो."

त्याने काडी बघितली, शर्टाला पुसली आणि परत दातात घातली. मला त्याचीही किळस आली.

"कुणाचा होता हा?"

"काय माहीत. लॉटच्या यादीत नव्हताच. एक जास्तीचा निघाला. मागचं गिऱ्हाईक परत द्यायला आलं तेव्हा त्याला बोलताच येत नव्हतं. चिठ्ठी लिहून दिली."

"काय लिहिलं होतं?"

"'पुसू नका.' एवढंच."

वहिनी रोज चार वेळा पुसत होती. मी तर खरवडला होता.

"मोडून टाक हा," मी म्हणालो.

"तू मोड. घेऊन जा."

न्यायला हवा होता. हातोडीचे दोन घाव पुरले असते. पण मला त्याला हात लावायचा नव्हता. पिशवी तिथेच टाकली आणि निघालो.

वहिनी पंधरा दिवसांत सावरली. बोलते, जेवते. चव मात्र परत आली नाही. कशाचीच. माझ्याशी ती नीट बोलते, पण मला समोर बघितलं की तिचा हात आपोआप ओठांवर जातो.

महिन्याभराने एका पार्टसाठी लॉटवाल्याकडे जावं लागलं. पिशवी दिसेना.

"विकला की," तो म्हणाला. "एका मुलीला परीक्षेसाठी हवा होता. टचपॅड नवा टाकून दिलाय."

भांडून नंबर घेतला. बाहेरच्या पायरीवर उभा राहून फोन लावला. मुलीच्या वडिलांनी उचलला.

"तुमच्या मुलीने लॅपटॉप घेतलाय ना... तिला फोन देता का जरा?"

"तिचा घसा बसलाय हो. दोन दिवस शब्द फुटत नाहीये. तुम्ही कोण?"

सगळं ओठांवर आलं होतं. पण अनोळखी बापाला काय सांगणार? लाळ? पापुद्रे? वेड्यात काढेल मला. मी शब्द जुळवत होतो, आणि त्यांच्या मागून बारीक आवाज येत होता. आधी वाटलं, घड्याळ असेल...

च्...

च्...

"हॅलो? काही बिघाड आहे का त्याच्यात?"

"नाही," मी म्हणालो. "सहज विचारलं. नीट चालतोय ना?"

"एकदम. भारी जपते ती. सारखी पुसत असते."

मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी धीर करून परत लावला. बंद. आजही बंदच लागतो. लॉटवाल्याकडे पत्ता नाही.

त्या मुलीचं नाव मी विचारलं नव्हतं. वयही नाही.