शेपूची काडी

“पाण्याला घाई करू नकोस गं… नुसतं थरथरू दे.”

मावशीला जाऊन वर्षं लोटली होती, पण पातेल्याच्या तळाशी पहिला बुडबुडा धरला की तिचा आवाज अजून कानाशी यायचा. सैलसर, थोडा घोगरा, हसू दडवलेला. मासा पाण्यात अलगद शिजवताना मावशी दोनच ओळी गुणगुणायची –

हळू हळू पाण्या, नको चढू उकळीला,
पाहुणा दूरचा टेकलाय तुझ्या कुशीला.

उकळत्या पाण्यात मासा दचकतो, अंग चोरतो, आणि मग वरून कितीही लोणी ओता, त्याची कळी काही खुलत नाही, असं तिचं म्हणणं.

नव्या नोकरीच्या पहिल्या सकाळी तोच आवाज सोबतीला घेऊन मावशीची भाची चालली होती. तान्ह्या लेकरासारखा ओल्या कागदात गुंडाळलेला साल्मन कडेवर, आणि डोक्यावर बारीक भुरभुर. रेस्तराँच्या मागच्या दारात पाऊल टाकलं आणि अडली. आतून एक उंच माणूस बाटल्यांचं खोकं छातीशी धरून बाहेर पडत होता. दार एका वेळी एकाच माणसाचं. ही मागे सरेना, तो मागे सरेना.

“आधी मासा की आधी बाटल्या?” त्याने विचारलं.

“मासा. तो वाट बघत नाही, वास मारतो.”

वासाचं नाव निघताच त्याचा चेहरा जरासा पडला. मग हसला आणि खोक्यासकट मागे सरकत तिला वाट करून दिली. ती आत गेली तेव्हा त्याने खोकं खाली टेकवून शर्टाच्या खिशातून शेपूची एक काडी काढली, नाकाशी धरली आणि परत ठेवून दिली… कुणी सहज घड्याळ बघावं तशी.

‘येडाच दिसतोय,’ ती मनात म्हणाली. आणि पुन्हा एकदा वळून बघितलं.

तो तिथला पेयं बघणारा. सोड्याची, वाइनची, सरबतांची सगळी जबाबदारी त्याची. सतत काहीतरी फसफसवत असतो, म्हणून स्वयंपाकघराने त्याला बुडबुडा नाव ठेवलं होतं. तोही नवाच, तिच्याआधी महिनाभर आलेला, आणि मालकीणबाईंनी अजून दोघांनाही पक्कं केलं नव्हतं. त्या बाई म्हणजे कमी शब्दांचं काम. त्यांनी दोघांना समोर उभं केलं आणि सांगून टाकलं की शनिवारी दुपारी त्या स्वतः पाहुण्यासारख्या टेबलावर बसणार. साल्मन पाण्यात शिजवलेला हवा. पण मासा एकटा कुणी पुढ्यात ठेवत नाही. शेजारी काय आणि पेल्यात काय, ते दोघांनी मिळून ठरवायचं. जमलं तर दोघंही इथले. बिघडलं तर दोघांनी दुसरी वाट धरायची.

तिची दुसरी वाट ठरलेलीच होती. दादाने त्याच्या गावातल्या कारखान्यात, डब्यांना झाकणं लावायच्या कामावर तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. “शनिवारी संध्याकाळी फोन कर,” तो म्हणाला होता, “किती दिवस मावशीच्या पातेल्यात बसणार आहेस?” दादाचं चुकत नव्हतं. पण झाकणं लावायचा विचारही तिला नको वाटायचा.

मग सुरू झालं दुपारचं चाखणं. जेवणाची गर्दी ओसरली की दोघं खिडकीजवळच्या ओट्यावर बसायची. ती बशा मांडायची, तो पेले. पण बुडबुड्याची एक तऱ्हा होती. स्वतः घास घ्यायचा, चावायचा, आणि मत मात्र द्यायचा नाही.

“तुम्ही सांगा, शेफबाई. कसं लागतंय?”

“तोंड आहे की तुम्हाला.”

“आहे. पण तुम्ही सांगितलं की जास्त लागतं.”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने दह्यातल्या काकडीचा घास घेतला आणि डोळे मिटून म्हणाली, “दुपारची झोप झाल्यावर गार फरशीवर पाऊल टेकवतो ना… तशी.”

तो ऐकत राहिला, तहानलेल्यासारखा. मग बीट आलं. भट्टीत भाजलेलं, लालभडक. ती म्हणाली, हे लग्नघरातल्या दाजींसारखं आहे, एकदा बोलायला लागलं की दुसऱ्या कुणाचं ऐकू येत नाही. साल्मनसारखा मवाळ मासा याच्या शेजारी बसला तर बिचारा दबून जाईल. बीट गेलं. आल्याचं फसफसतं पेयही त्याच कारणाने गेलं. शतावरीचे कोंब राहिले, कारण ते ‘कमी बोलणारे पण पाठीत ताठ’ होते. लोण्यात घोळलेले छोटे बटाटे राहिले, कारण मऊ माशाला टेकायला खांदा हवा.

“आणि शेपू?” त्याने खिशातली काडी पुढे केली.

“शेपू म्हणजे आगाऊ आत्या. दारातूनच आवाज देत येते. पण ती नसली की घर सुनं वाटतं.”

तो एवढं हसला की पेल्यातलं पाणी हिंदकळलं. बटाट्यांवर शेपू ठरली. मग तिच्या एकेका शब्दावरून तो पेयं जुळवायला लागला. गार फरशीला काय शोभेल? ज्यांना चालते त्यांना कोरडी पांढरी वाइन, गोडवा बिलकूल नको. बाकीच्यांना हिरव्या सफरचंदाचा रस, सोड्याने पातळ केलेला, वर लिंबाच्या सालीचा एक पिळा. तिने घोट घेतला. माशावर अलगद पडदा सरकावा तसं ते पेय सरकत होतं. स्वतःचं मत न देता हा माणूस इतकं नेमकं कसं जुळवतो?

घरी जाताना आता ती शब्द गोळा करायची. ओल्या भिंतीचा, इस्त्रीच्या कापडाचा, सोललेल्या लिंबाचा… उद्या त्याला काय सांगायचं म्हणून. सांगताना तो तिच्या ओठांकडे बघायचा, आणि तिच्या आतलं पाणी उगाच थरथरायचं. हळू हळू पाण्या…

शुक्रवारी दुपारी ते झालं.

माशाचं डोकं आणि काटे उकळून काढलेलं पाणी तिने गाळलं होतं. नितळ उतरलंय का ते उजेडात बघायला एका पेल्यात ओतून खिडकीत गार करत ठेवलं. अजून मीठही घातलं नव्हतं. बुडबुडा आला, बोलता बोलता तो पेला उचलला, नाकाशी धरला, मोठा घोट घेतला.

“वा. काकडी छान उतरलीय पाण्यात.”

तिच्या हातातला चमचा तिथेच थांबला. ते पाणी दारापर्यंत दरवळत होतं. खालच्या गल्लीतली मांजर कधीची खिडकीखाली येऊन बसली होती. आणि हा म्हणतोय काकडी.

विचारायची गरजच नव्हती. घडी घडी नाकाशी जाणारी शेपूची काडी, पहिल्या दिवशी वासाचं नाव काढताच पडलेला चेहरा… सगळं एका झटक्यात जागच्या जागी बसलं. याला वासच येत नव्हता. आणि ते ‘तुम्ही सांगितलं की जास्त लागतं’? ते लाडिक बोलणं नव्हतंच तर. गरज होती. इतके दिवस तिला वाटलं हा आपलं बोलणं ऐकतोय, आणि हा तर आपलं नाक वापरत होता.

“हो,” ती एवढंच म्हणाली. “छान उतरलीय.”

तिचा आवाज त्याला वेगळा वाटला असावा. “काही झालं का?” त्याने विचारलं. तिने मान हलवली आणि पातेलं घासायला घेतलं, घासलेलंच होतं तरी.

शनिवारी तिने पातेल्यात पाणी तापत ठेवलं. मीठ, मिरीदाणे, तमालपत्र, लिंबाच्या चकत्या. ज्योत अगदी मंद. साल्मनचा तुकडा तिने पाण्यात सोडला आणि श्वास रोखून बघत राहिली. कडेला बारीक थरथर, मध्ये शांत. मासा हळूहळू फिकट गुलाबी झाला, पण तिच्या आत मात्र खळाखळा उकळत होतं. हा पाहुणीसमोर काही भलतंच बोलला तर? माझं काय? आणि याचं… याचं काय?

मालकीणबाई टेबलावर बसल्या. बशी आली. मासा, शेजारी शतावरी, शेपूतले बटाटे, दह्यातली काकडी, आणि पेल्यात सफरचंदाचं पेय. बाईंनी एकेक घास घेतला. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. घास संपवून त्यांनी शेजारच्या फडताळात आधीच भरून ठेवलेले दोन पेले काढून पुढे ठेवले. दोन्हींत पांढरी वाइन, दिसायला जुळी.

“यातली एक आज उघडली. दुसरी चार दिवस उघडीच राहिलीय,” बाई बुडबुड्याला म्हणाल्या. “तू पाहुण्याला कुठली देशील? चाखायची नाही हं. पाहुण्याच्या पेल्याला आपण तोंड लावत नसतो. नुसता वास.”

त्याने डावा पेला नाकाशी नेला. मग उजवा. मग परत डावा. कपाळावर घाम जमला होता. ती पाणी वाढायच्या निमित्ताने टेबलाजवळ आली, वाकली, आणि तिला कळलं. उजव्या पेल्यातून आंबूस भपकारा येत होता. तिने पाणी ओतताना डावा पेला हळूच, बोटभर, त्याच्याकडे सरकवला.

त्याने ते बघितलं. तिच्याकडेही बघितलं, आणि त्या एका नजरेत त्याला कळून चुकलं की हिला ठाऊक आहे. हात डाव्या पेल्याकडे गेला… आणि थांबला.

“मला नाही सांगता येणार, बाई.” तो सावकाश बोलला. “मागे ताप आला होता. उतरताना वास घेऊन गेला. इथे आलो तेव्हाही नव्हता. ठरवलं सगळं यांच्या जिभेनं, यांच्या शब्दांनी. आत्ताही यांनीच पेला दाखवला. पण आज मी तो उचलला तर यांना रोज माझ्यासाठी खोटं वागावं लागेल. यांना ठेवा. मी जातो.”

मालकीणबाईंनी सफरचंदाच्या पेयाचा पेला ओढून घेतला, घोट घेतला, त्यावर माशाचा शेवटचा तुकडा खाल्ला.

“हे कुणी जुळवलं?”

“त्यांनी,” ती पटकन म्हणाली. “मी फक्त काकडी कशी लागते ते सांगितलं होतं.”

“हं.” बाईंनी रुमालाने ओठ टिपले. “मला माणसं दोन हवीयत. नाक एकच असलं तरी भागेल. पण पुन्हा माझ्यापासून काही लपवलंत तर दोघांनाही त्या पातेल्यात शिजवीन. उकळत्या पाण्यात.”

आणि उठून गेल्या.

दोघं खिडकीजवळच्या ओट्यावर आली. पातेल्यात माशाचा एक तुकडा उरला होता. तिने दोन घास केले. बाहेर भुरभुर थांबून उन्हाची तिरीप ओट्यावर आली होती. दादाला फोन करायचा होता. करू सावकाश.

“तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?” त्याने विचारलं.

“कालपासून. तुम्ही माशाचं पाणी प्यायलात, काकडीचं म्हणून.”

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती हसली नाही. राग अजून थोडा तळाला होता, तो तिने विचारून टाकला. “ते ‘तुम्ही सांगितलं की जास्त लागतं’… ते नुसतं कामापुरतं होतं?”

त्याने खिशातून शेपूची काडी काढली. नाकाशी धरली. काहीच नाही, नेहमीसारखं. मग ती तिच्या तळहातावर ठेवली.

“पहिल्या दिवशी कामापुरतं होतं,” तो म्हणाला. “दुसऱ्या दिवशी काम आटपलं तरी मी बसून राहिलो होतो. तुझ्या लक्षात नाही आलं?”

‘तुझ्या.’ तो शब्द तिथेच, दोघांच्या मध्ये ओट्यावर येऊन बसला. तिने घास तोंडात टाकला. मासा जिभेवर विरघळला.

“कसं लागतंय?” त्याने नेहमीसारखं विचारलं, पण या वेळी आवाज थरथरत होता.

ती डोळे मिटून शब्द शोधू लागली. गार फरशी, ओली भिंत, सोललेलं लिंबू… एकही पुरेना. मग तिने शोधणंच सोडून दिलं आणि डोळे उघडले.

“माशाचं नंतर सांगते,” ती म्हणाली. “तू मला आवडतोस. त्या दारात, बाटल्या घेऊन मागे सरकलास ना… तेव्हापासून.”