आजोबांचा दोर आणि पलीकडचं रान

दरीवरून एक दोर बांधायचा आणि परत यायचं, एवढंच आमच्या मोहिमेचं काम होतं. ऐकायला सोपं. पण त्या दोरावरून एका शेकरूच्या मादीला पिल्लांसकट पलीकडे जायचं होतं, आणि तिला तो पसंत पडेल की नाही हे आमच्या हातात नव्हतं.

शेकरू म्हणजे झाडावर जन्मून झाडावरच म्हातारी होणारी मोठी, तांबूस, झुपकेदार शेपटीची खार. दरीवर पूर्वी एक जुना वृक्ष आडवा झुकलेला होता. तोच त्यांचा पूल. वादळात तो कोसळला आणि ही मादी अलीकडच्या झाडीत अडकली. नेमकी तीच झाडी तोडीला दिली गेली. माझी आत्या जनावरांची डॉक्टर. तोड थांबावी म्हणून तिने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, पण पदरात पडली ती फक्त आठवडाभराची मुदत.

"खाली उतरली की कुत्री आहेत, फासे आहेत," आत्या बाबांना म्हणाली. "दादा, तू फक्त दोर दे. बाकीचं मी बघते."

"दोरासोबत मीही येणार. तुझ्या गाठी मी पाहिल्यात."

दोर वळणं हा आमच्या घरचा धंदा. ती लांबलचक शेड अजून डोळ्यांपुढे येते. एका टोकाला चाक फिरवणारे आजोबा, त्यांच्याकडे तोंड करून मागे मागे चालत जाणारे बाबा, मधे एकमेकांत पिळत जाणारे अंबाडीचे पेड, आणि सगळ्यांच्या केसांत तूस. पुढे नायलॉन आलं आणि चाक थांबत गेलं. बाबा मात्र आजोबांनी वळलेला शेवटचा दोर खांद्यावर टाकल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही," असं आत्या त्यांना चिडवायची. कुजू नये म्हणून आमच्याकडे प्रत्येक दोराला डांबर पाजत; न पाजता घरातून बाहेर पडलेला तो एकच दोर. डांबर तापत ठेवलं होतं त्याच दिवशी आजोबा गेले.

पुलासाठी बाबांनी नवा दोर वळला आणि त्याला दोनदा डांबर पाजलं. आत्या अलीकडच्या काठावर थांबली, बाबा आणि मी दरीत उतरलो. कड्याच्या पोटाला आग्या मोहोळाची पोळी लटकलेली. त्यांच्याखालून आम्ही श्वास धरून, एक शब्द न बोलता सरकलो. खाली ओढ्याने माझे पाय उचलले. बाबांनी दप्तराच्या पट्ट्याला धरून मला काठावर ओढलं आणि वर ऐकवलं, "पोहायला आलीस का?" संध्याकाळी आम्ही पलीकडचा कडा चढून गेलो. आत्याने दगडाला बांधून सुतळी फेकली, सुतळीवरून दोर ओढला, आणि दोन्हीकडे गाठी बसल्या. मला वाटलं, जिंकलो!

रात्र आम्ही तिथेच काढली. सकाळी मादी आत्याच्या बाजूच्या टोकाशी आली. दोराशी नाक नेलं, शिंकली आणि पळाली. दुपारी पुन्हा आली, पुन्हा पळाली. खालच्या वाटेने लाकूडतोड्यांच्या ट्रकची घरघर ऐकू यायला लागली होती.

"दादा, तुझं डांबर!" आत्या दरीपलीकडून ओरडली. "वास सोसत नाहीये तिला. धुऊन टाक!"

"डांबर धुऊन जात असतं तर लोक माझ्याकडे कशाला आले असते?"

मग बाबांनी खांद्यावरचा दोर उतरवला, त्याच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि तो माझ्या हातात दिला. त्यांच्याकडे बघवेना.

आत्याने तिकडची गाठ सोडली आणि त्या टोकाला सुतळी बांधली. डांबरी दोर आम्ही आमच्याकडे ओढून घेतला, सुतळीला बांधून आजोबांचा दोर तिच्याकडे पाठवला. तो तिकडे पोचला, बांधला गेला, पण इकडे हातभर कमी पडला. खोडाऐवजी दरीवर गेलेल्या फांदीला बांधायचा, आणि आमच्यात हलकी मी. बाबांनी डांबरी दोर माझ्या कमरेला बांधला.

मी सरपटत निघाले. फांदी हलत होती. खाली बघायचं नाही. एक वेढा. दुसरा वेढा. गाठ आवळली. परत वळले आणि पायाखालची डहाळी कडाडली!

मी पडले. कमरेला जोराचा हिसका बसला आणि मी दरीवर लोंबकळत राहिले. वर खोडाला पाय रोवून बाबा एकेक हात मला ओढत होते. वर आल्यावर ते आधी कमरेच्या दोराकडे बघत म्हणाले, "दोनदा पाजलंय. उगाच नाही."

उन्हं उतरताना मादी आली. हुंगलं. थांबली. मग तोंडात पिल्लू धरून ती आजोबांच्या दोरावरून तुरुतुरु पलीकडे आली, अगदी आमच्या डोक्यावर. ती परत गेली आणि दुसरं पिल्लू घेऊन आली. बाबा रडत होते आणि ते लपवतही नव्हते. परतीच्या वाटेवर त्यांचा हात सारखा रिकाम्या खांद्याकडे जात होता.

वर्षाने आम्ही पुन्हा गेलो. अलीकडची झाडी उरली नव्हती. बोडक्या उतारावर आत्याने रोपं लावायला घेतली होती. दोर कुरतडला जाऊन तुटला होता आणि त्याचा पत्ता नव्हता. मला वाईट वाटलं. तेवढ्यात आत्याने दुर्बीण बाबांकडे दिली. पलीकडे एका उंच झाडावर घरटं होतं आणि पानाकाटक्यांमधून अंबाडीचे पेड बाहेर आले होते.

बाबा खूप वेळ बघत राहिले.

"पीळ सुटलेला नाही अजून," ते म्हणाले.

आत्याने त्या दिवशी त्यांना चिडवलं नाही. ती रोपं आता मोठी झाली आहेत आणि शेकरू पुन्हा दोन्हीकडे ये-जा करतात. बाबा नाहीत; पुलाचा दोर मी वळते, बिनडांबराचा, आणि दर वेळी हातभर जास्त.