गाडी सावलीला लावली तेव्हा

ज्योती रेंदाळकर विद्यानगरातला तो अरुंद जिना चढून वर आली, तेव्हा मालतीबाई संकेश्वरकर गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. समोरच्या खुर्चीत शेजारचे पद्मनाभराव कानडी पेपर वाचत होते.

"बा, आत ये," मालतीबाई कानडी-मराठी मिसळून म्हणाल्या. "बस आधी. मग बोल."

ज्योती बसली नाही. "माझी मुलगी त्यांच्याकडे आहे," ती म्हणाली.

मालतीबाईंनी शेंगांचं ताट बाजूला सारलं.

त्यांची सारी नोकरी हुबळीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली होती. आता त्या खासगी चौकशा करत. कुणाचं स्थळ कसं आहे, कुणाचा भाऊ कुठे निघून गेला, अशी कामं. पद्मनाभराव शाळेत चित्रकला शिकवत. निवृत्त झाल्यापासून ते मालतीबाईंच्या सोबतीला जात आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर संशय घेत.

ज्योतीचं माहेर अळणावरजवळच्या खेड्यातलं, शेतकऱ्याचं. सासरचं कमरीपेठेत कापडाचं दुकान. घरात सासरे दत्तात्रय, ज्यांना सगळे अप्पा म्हणत, सासू कमल, नवरा प्रवीण, नणंद योगिता आणि ज्योतीची मुलगी पूजा. योगिताचं लग्न बेळगावात ठरलं होतं. तिला लहानपणापासून फिट्स येत. औषधावर ठीक होती, पण बेळगावकरांना ते सांगितलं नव्हतं.

"मी म्हटलं होतं, लपवू नका," ज्योती म्हणाली. "सगळ्यांसमोर म्हटलं होतं. तेच नडलं."

लग्नाची पहिली पत्रिका देवीपुढे ठेवायची म्हणून घर अळणावरच्या पुढे, जंगलातल्या कुलदेवीला गेलं होतं. भाड्याची गाडी, ओळखीचा ड्रायव्हर बाबू. त्याच दुपारी बेळगावकरांना ई-मेल गेला: मुलीला फिट्स येतात, चौकशी करून मग ठरवा. संध्याकाळी लग्न मोडलं.

"मेल दुकानाच्या पत्त्यावरून गेला. तो पत्ता फक्त दुकानाच्या टॅब्लेटवर आहे, आणि टॅब्लेट गाडीत होता. सगळे देवळात. गाडीत मी एकटी."

"तू का नाही गेलीस देवळात?"

"पाळी आली होती, आदल्या दिवशी सकाळीच. पूजा माझ्याशिवाय राहत नाही म्हणून नेलं. आत्तींनी, सासूबाईंनी, मागच्या सीटवर निराळी सतरंजी घालून बसवलं. कशाला हात लावायचा नाही."

"टॅब्लेटला सिम आहे?"

"नाही. दुकानात वायफाय आहे, त्याच्यावर चालतो. प्रवासासाठी ह्यांनी एक लहान राउटर घेतला, साबणाच्या वडीएवढा. तो चालू ठेवला की टॅब्लेटला गाडीतही नेट मिळतं."

पद्मनाभरावांनी पेपर खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर ज्योतीविषयीची शंका स्पष्ट दिसत होती.

"आता त्यांचं म्हणणं काय?" मालतीबाईंनी विचारलं.

"देवीपुढे नारळ ठेवून कबूल कर, मग घरात ये, मग पूजाला भेट. तोवर माहेरी राहा. अक्का, न केलेलं देवीपुढे कसं कबूल करू? आणि नाही केलं तर मुलगी कशी मिळणार?"

ज्योतीने फोनवर तो मेल दाखवला. बेळगावकरांनी तो घरातल्या सगळ्यांना पाठवला होता. वर मधोमध 'श्री'. खाली चार ओळी. शेवटी सही नाही.

"गंमत आहे," मालतीबाई म्हणाल्या. "नाव लपवलंय आणि दुकानाच्या पत्त्यावरून पाठवलंय."

"घाईत सुचलं नसेल," पद्मनाभराव म्हणाले, आणि ज्योतीकडे बघून ओशाळले.

बाबू जुन्या हुबळीत, रिक्षा स्टँडजवळ गाडी पुसत होता.

"त्या पोरीने केलं असं मला वाटत नाही अक्का," तो म्हणाला. "पण गाडीत तीच होती, हे खरं."

"आणि तू?"

"मी देवळाशी उतरवलं सगळ्यांना. देऊळ खड्ड्यात आहे, ओढ्याकाठी. ऊन मरणाचं. मागं ती बाई बसलेली, म्हणून गाडी वर चढावर नेली, आंब्याच्या सावलीला. मग खाली उतरून विडी ओढत बसलो."

"ती काय करत होती?"

"झोपलेली. पण मी काय सारखा बघत नव्हतो."

"तिथं रेंज होती?"

"खाली शून्य. अळणावर सोडलं की जंगलात सगळे फोन मेलेले. वर सावलीत गेलो तर माझा फोन टुंगटुंग, टुंगटुंग. बायकोचे सकाळपासूनचे मेसेज एकदम येऊन पडले. तांदूळ आणा, साखर आणा, मेलात का."

परतताना पद्मनाभराव म्हणाले, "झालं की. वर रेंज होती, टॅब्लेट होता, ती होती. आणखी काय पाहिजे?"

"बाबूच्या बायकोने साखर कधी मागितली?"

"सकाळी."

"आणि बाबूला कधी कळलं?"

"दुपारी. त्याचं काय?"

मालतीबाई कमरीपेठेकडे वळल्या.

कमरीपेठेतल्या दुकानात प्रवीण गिऱ्हाइकाला खण उलगडून दाखवत होता. त्याने मालतीबाईंना बाजूच्या गादीवर बसवलं, पण तो खणांच्या घड्याच घालत राहिला.

"राउटर तूच चालू केलास?"

"हो. आदल्या दिवशी इथं दुकानात जोडून बघितला होता. माझा फोन, हा टॅब्लेट, दोन्हीला. मग बंद करून चार्जिंगला लावला."

"प्रवासात कधी चालू केलास?"

"अळणावरच्या पुढे. तोवर आमच्या फोनना रेंज होती, कशाला बॅटरी घालवायची? राउटरमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम आहे, जंगलात लागेल म्हणाला होता दुकानदार. कुठलं लागतंय. देवळाशी पोचलो तरी लाल दिवाच. वैतागून तसाच सीटच्या खिशात टाकला."

"चालूच?"

"चालूच."

"आणि घरी वायफाय?"

"घरी नाही. ज्याचा त्याचा फोन आहे."

"आदल्या संध्याकाळी टॅब्लेट घरी कुणी नेला?"

"अप्पांनी. मला दुकान बंद करायला उशीर झाला. घरी पोचलो तेव्हा सगळे झोपले होते." प्रवीणने एकदा वर बघितलं. "अक्का, हे आता उकरून काय मिळणार? योगिताचं लग्न तर मोडलंच."

"तुझ्या बायकोचं काय?"

प्रवीणने हातातली घडी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली.

घर दुकानापासून दोन गल्ल्या पुढे होतं. कमलबाईंनी मालतीबाईंना ओळखलं.

"तुम्हीच ना हो, मामंजींचा इचलकरंजीचा ट्रंक कॉल लावून देत होता?"

"मीच. सूत महागलं की तुमचे मामंजी मला शिव्या देत. जणू मीच महाग केलं."

कमलबाई हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या. "आमच्या घरची अब्रू त्या बाईने वेशीवर टांगली. माझी मुलगी रात्रंदिवस भिंतीकडे तोंड करून पडून असते."

"टॅब्लेट आदल्या संध्याकाळी कुठे होता?"

"देवघरात. दुकानाचं आहे, लक्ष्मीच की ती. दसऱ्याला तराजूशेजारी त्याचीही पूजा होते. देवीला निघताना हळदकुंकू लावून मग न्यायचं म्हणून ठेवला."

"देवघरात कोण कोण गेलं?"

"ह्यांच्याशिवाय कोण? हे जपाला बसले होते, दार लावून. मी भाकऱ्या थापत होते. योगिता औषध घेऊन लवकर झोपते. ती ज्योती बाहेर बसलेली, तिला देवघराचा उंबरासुद्धा चालत नाही. आमच्यात फार कडक आहे."

"म्हणजे तिने टॅब्लेटला हात लावणं शक्य नाही."

"घरात नाही. गाडीत कोण बघतंय?" कमलबाई म्हणाल्या. "जिच्या मनात पाप, तिला विटाळ कसला?"

योगिता आतून आली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. "आई, वहिनीने नाही केलं."

"साकु," कमलबाई कानडीत म्हणाल्या. "पुरे. तू आत जा."

"मी तर सांगणारच होते त्यांना, स्वतः. तू माझा फोन काढून घेतलास म्हणून राहिलं." ती मालतीबाईंकडे वळली. "आणि मी केलं असतं तर खाली माझं नाव लिहिलं असतं."

अप्पा गॅलरीत बसले होते. पांढरा लेंगा, कपाळावर उभं गंध. त्यांच्या मांडीवर पूजा पेंगत होती.

"दुकानाचे मेल तुम्ही पाठवता?" मालतीबाईंनी विचारलं.

"इचलकरंजीला ऑर्डरी पाठवतो तेवढ्या. प्रवीण फोनवरच बोलतो सगळं. मला लिहिलेलं बरं वाटतं."

"जमतं?"

"त्यात काय? लिहायचं, तो बाण दाबायचा. दाबलं की गेलं."

"कधी अडकलं वगैरे?"

"दुकानात बसून बारा वर्षं पाठवतोय, कधी अडकलं नाही."

"अप्पा, सुनेने हे केलं असं वाटतं तुम्हाला?"

अप्पांनी पूजाच्या केसांवरून हात फिरवला. "सगळे म्हणतात," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद ठेवून सगळे घरी जमले. मालतीबाईंनी ज्योतीलाही बोलावलं होतं. ती दाराशीच उभी राहिली. पूजा धावत जाऊन तिला बिलगली, आणि त्या वेळी तिला ओढून घ्यायला कुणी पुढे आलं नाही.

"कमलबाई," मालतीबाईंनी सुरुवात केली, "तुमचे मामंजी सकाळी कॉल बुक करायचे. लाइन मिळायची ती कधी दुपारी, कधी दिवेलागणीला. तिकडच्या माणसाला वाटे, रेंदाळकर आत्ता बोलायला उठले. इकडे बिचारे सकाळपासून फोनशेजारी बसलेले असत. बुक केलेली वेळ वेगळी, लागलेली वेळ वेगळी. तुम्ही सगळ्यांनी मेल लागलेली वेळ बघितली. बुक केव्हा झाला, हे कुणी विचारलं नाही."

"म्हणजे?" पद्मनाभराव म्हणाले.

"नेट नसताना मेल लिहून बाण दाबला तर तो जात नाही, टॅब्लेटमध्ये पडून राहतो. नेट मिळालं की आपोआप निघतो. कुणी हात लावायची गरज नाही. बाबूच्या बायकोची साखर अशीच दुपारी पोचली. प्रवीणने राउटर जंगलात चालू केला, तिथं रेंज नव्हती. चालूच ठेवून खिशात टाकला. टॅब्लेटशी तो आधीच जोडलेला. बाबूने गाडी चढावर, सावलीला नेली. रेंज आली आणि अडकलेला मेल सुटला. ज्योती मागे झोपलेली होती."

"मग लिहिला कधी?" कमलबाईंचा आवाज उतरला होता.

"टॅब्लेट दुकानात असता तर लगेच गेला असता, तिथं वायफाय आहे. तेव्हा दुकान सुटल्यावर आणि राउटर लागण्याआधी. सकाळी तर तो हळदकुंकू लावून सगळ्यांदेखत थेट गाडीत गेला. म्हणजे आदल्या संध्याकाळी, या घरात. तेव्हा टॅब्लेट होता देवघरात. ज्योतीला तुम्हीच उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. ती निर्दोष आहे याची साक्ष तुमच्याच सोवळ्याने दिली, कमलबाई, पण तुम्हाला ती ऐकायची नव्हती. योगिता झोपलेली. प्रवीण दुकानात. तुम्ही चुलीपाशी."

मालतीबाईंनी ज्योतीच्या फोनवरचा तो मेल सगळ्यांसमोर धरला.

"आता माणूस कसला, ते बघा. नेटशिवाय मेल जात नाही, हे ज्योतीला, प्रवीणला, योगिताला पाठ आहे. ज्याने जन्मभर दुकानाच्या गादीवर बसूनच मेल पाठवला, त्याला मात्र वाटतं, दाबलं की गेलं. सही केली नाही की पत्र निनावी होतं, असंही त्यालाच वाटतं. वरती दुकानाचा पत्ता उमटतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही. आणि चोरून लिहितानाही त्याचा हात आधी 'श्री' लिहितो, कारण ऑर्डर लिहायची त्याची रीतच ती."

अप्पांनी चष्मा काढला.

"लपवून लग्न लावलं असतं तर पोरीला त्यांनी जाळलं असतं रोज, शब्दांनी," ते म्हणाले. "हिच्यापुढे माझं कधी काही चाललं नाही. देवापुढे बसलो होतो. समोर टॅब्लेट होता. लिहिलं."

"लिहिलंत ते खरं लिहिलंत," मालतीबाई म्हणाल्या. "त्याबद्दल तुम्हाला कुणी बोल लावू नये. पण दुसऱ्या दिवशी सुनेला हाकललं तेव्हा तुम्ही इथंच बसला होतात."

"मला वाटलं, थोड्या दिवसांनी निवळेल."

"अप्पा," योगिता म्हणाली, "मला विचारलं असतंत तर मीच लिहिलं असतं. दोघींना वाचवलं असतंत." ती उठून आत गेली. दार तिने आपटलं नाही, हळूच लावलं.

ज्योती इतका वेळ प्रवीणकडे बघत होती. "तुम्हाला माहीत होतं."

"ज्योती—"

"राउटर तुम्ही जोडलात. मेल अडकतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. कधी कळलं?"

प्रवीणची मान वर झाली नाही. "बेळगावहून फोन आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी. या वयात अप्पांचं नाव कसं घेणार? तू काय, चार दिवस माहेरी..."

"चार दिवस," ज्योती म्हणाली.

ती आत गेली आणि पूजाचे कपडे पिशवीत भरून बाहेर आली. कमलबाई तिच्या वाटेत उभ्या राहिल्या. हात जोडावेत की दार अडवावं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"राहा आता. झालं गेलं. पूजाच्या शाळेचं काय? आणि जायचंच असेल तर जा, पण एवढं कर. पेठेत, तुझ्या माहेरी, कुणाला सांगू नकोस ह्यांनी केलं म्हणून."

ज्योतीने मुलीला कडेवर घेतलं. पोर मोठी झाली होती, पाय खाली लोंबत होते.

"नाही सांगणार," ती म्हणाली. "मी आधीही कुणाला काही सांगितलं नव्हतं."