नऊ दाण्यांची शिदोरी

काट्याची सुई एक ग्रॅमवर येऊन थांबली, ती तिथून हलेना.

जुईने दाणे पुन्हा मोजले. दहाच होते. डबीतल्या चिठ्ठीवर मात्र माईआजीच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘भुईमूग, बियाण्याचा. दहा दाणे, सहा ग्रॅम.’ काटाही माईआजीचाच होता, बियाणं तोलायचा नाजूक स्प्रिंगकाटा.

जुईचे वडील, आप्पा, तिला घेऊन चंद्रावरच्या वसाहतीत यायला निघाले, तेव्हा माईआजीने ही डबी त्यांच्या हाती दिली होती. “पोचलात की पहिल्याच पहाटे पेरा,” म्हणाली होती. तीन महिन्यांनी ती गेल्याचा निरोप आला. चंद्रावर साडेएकोणतीस दिवसांनी एकदा पहाट होते. मग दोन आठवडे ऊन असतं, म्हणून काचघरातली पेरणी पहाटेच करतात. चार वर्षांत एकोणपन्नास पहाटा झाल्या. प्रत्येक वेळी आप्पा डबी उघडत, दाणे हुंगत आणि झाकण लावत. “पुढच्या पहाटे बघू.”

“आप्पा, फार उशीर झाला,” जुई म्हणाली. “सहातले पाच ग्रॅम उडून गेले. दाण्यांतली ऊर्जाही गेली असणार.”

आप्पांनी काटा पाहिला आणि ते किंचित हसले. “चंद्रावर येऊन तुझं डोकंही एक षष्ठांश झालं की काय? अगं, हा काटा पृथ्वीवरचा. चंद्राची ओढ सहापट कमी, म्हणून स्प्रिंग कमी ताणली जाते. दाण्यातलं द्रव्य आहे तेवढंच आहे.”

“कशावरून?”

आप्पांचं हसू मावळलं. “मोजता येईल. पण त्यासाठी एक दाणा जाळावा लागेल.”

मग आप्पांनी स्वतःच एक दाणा उचलला.

उष्मांकमापी (अन्नातली ऊर्जा मोजण्याचं उपकरण) म्हणजे एक जाड पोलादी कुपी होती. तिच्यात त्यांनी दाणा ठेवला, प्राणवायू भरला आणि कुपी एक लिटर पाण्यात बुडवली. पाणी होतं बावीस अंश.

“एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, ती एक किलोकॅलरी. खाऊच्या पाकिटावर लिहितात ती हीच. ताज्या दाण्यात साधारण साडेतीन असतात. आता सांग, सहातले पाच हिस्से ऊर्जा गेली असेल तर पाणी किती तापेल?”

“अर्ध्या अंशाच्या आसपास.”

आप्पांनी कळ दाबली. ज्योत दिसली नाही की आवाज आला नाही. तापमापीवरचा आकडा तेवढा चढत गेला : तेवीस, चोवीस, पंचवीस. साडेपंचवीसवर थांबला.

“साडेतीन अंश!” जुई ओरडली. “म्हणजे साडेतीन किलोकॅलरी! सगळी होती!”

“आपलं शरीरही अन्न असंच जाळतं, फक्त ज्योतीशिवाय, हळूहळू. त्यावरच तू धावतेस आणि माझ्याशी वाद घालतेस.”

“पण दाण्यात ती आली कुठून?”

“माईच्या शेतातल्या उन्हातून. पानांनी ऊन धरलं आणि दाण्यात तेल करून साठवलं. मातीखाली अंधारात कोंबाला पानं फुटेपर्यंत पुरावी, म्हणून झाडाने बांधून दिलेली शिदोरी आहे ही. आपण खातो ती दुसऱ्या कुणाची तरी शिदोरी.”

जुईने डबीत पाहिलं. नऊ दाणे होते.

“आणि ती कायम टिकते?”

आप्पांनी तिच्याकडे न पाहता चष्मा पुसला. “ऊर्जा टिकेल. आणखी दहा वर्षांनी जाळलास, तरी पाणी जवळपास इतकंच तापेल. पण कोंब दर वर्षी थोडा थोडा मरतो. ते हे यंत्र सांगत नाही.”

“मग माईआजीने दिलेलं आपण नुसतं...” जुईने वाक्य पुरं केलं नाही.

“पेरले आणि उगवले नाहीत, तर तिचं माझ्याकडे काही उरणार नाही गं.”

खिडकीबाहेर काळं आकाश होतं आणि त्यात निळी पृथ्वी, नेहमीच्या जागी.

“आप्पा, पहाटेला अजून अकरा तास आहेत.”

त्यांनी कुपी बाहेर काढली. दहाव्या दाण्याने तापवलेलं ते पाणी एका वाटीत ओतलं आणि डबी जुईपुढे सरकवली.

“भिजत घाल,” आप्पा म्हणाले. “या पहाटे पेरू.”