उजव्या हाताचा ठसा

रविवारी दुपारी चार वाजता उपेंद्र सोहनीने 'तळमजला' क्लबात पहिलं गाणं लावलं आणि वाजवण्याच्या यंत्राने ते अकराव्या सेकंदाला बंद पाडलं. पडद्यावर अक्षरं उमटली: ही शैली आरक्षित आहे. परवाना दाखवा.

"अरे, मीच तो!" उपेंद्र खेकसला. यंत्राला काय त्याचं!

पुण्यातल्या या क्लबात तो बावीस वर्षं डीजे होता. पूर्वी लोक नाचायला यायचे. कोण वाजवतंय याची कुणाला फिकीर नसे. मग नामवंत डीजेंचे दर असे आभाळाला भिडले, की छोटे क्लब पटापट बंद पडू लागले. तेव्हा एका कंपनीने 'ठसा' आणला. डीजेने आठवडाभर सरावाच्या हातात कंपनीचा हातमोजा घालून वाजवायचं, यंत्र त्या हाताचा ढंग शिकणार आणि मग तो घरी बसून शंभर ठिकाणी वाजणार. मालकी अर्थात कंपनीची; मग खुद्द डीजेनेही त्या ढंगात वाजवायचं तर परवान्याचं भाडं भरायचं. जुनी यंत्रं तर कायद्यानेच बाद झाली होती.

क्लबची मालकीण हेमांगी कारखानीस त्याची कॉलेजपासूनची मैत्रीण. तिनेच गळ घातली होती, "उप्या, तू ठसा दे. आपलाच माणूस, आपल्याला स्वस्तात पडेल." त्याने दिला आणि दुर्दैवाने तो गाजला. उपेंद्र तबला शिकलेला. ठेक्यातली एक मात्रा तो मुद्दाम मोकळी सोडायचा, तिला 'खाली' म्हणायचा आणि नाचणारे ती पाय आपटून भरायचे. त्या मात्रेवर परदेशातले लोकही लट्टू झाले, ठशाचं भाडं चढत गेलं आणि 'तळमजल्या'ला स्वतःचाच उपेंद्र परवडेना. आज क्लबचा शेवटचा दिवस होता. जागामालक उद्या किल्ल्या मागणार होता आणि तीसेक जुनी माणसं निरोपाचं नाचायला येऊन ताटकळत उभी होती.

"डाव्या हाताने वाजव," हेमांगी कुजबुजली. "उजवाच ओळखतंय ना ते?"

त्याने उजवा हात खिशात घातला. डाव्याने चाचपडत, मोकळी मात्रा न सोडता, नवशिक्यासारखं वाजवायला घेतलं. अकरा सेकंद गेले, बारा गेले. यंत्राने हरकत घेतली नाही.

पण माणसांच्या पायांना कोण सांगणार? सवयीने सगळ्यांचे पाय जुन्याच जागी धपकन आपटले, नेमके भरल्या मात्रेवर. एकच गोंधळ उडाला.

"उपेंद्र, हे काय रे भलतंच!" नाचणाऱ्यांतल्या किंजवडेकर काकू हसत ओरडल्या.

त्या पायांना सांभाळून घ्यायला त्याने ठेका ताणला. तो लंगडला, सावरला आणि त्यातून कधीच न ऐकलेली एक डुलती चाल निघाली. काकूंनी ती आधी पकडली, मग सगळ्यांनी. उपेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, अजून आपण संपलेलो नाही.

तेवढ्यात पडदा उजळला. नवी शैली आढळली. ठसा नोंदवायचा? खाली आगाऊ मिळणारी रक्कम होती. तेवढ्या पैशांत जागेचं दोन वर्षांचं भाडं सहज भागत होतं.

हेमांगीने बोट 'होय'पाशी नेलं. "उप्या, दुसरा काही मार्ग असेल तर आत्ता सांग. मला तर काहीच सुचत नाहीये रे."

समोर माणसं बेभान नाचत होती. हात थांबवायची त्याची छाती होईना.

"हाही हात दिला," तो कसाबसा म्हणाला, "तर पुढच्या रविवारी मी कुठल्या हाताने वाजवू, हेमा?"