टोचणी

भिंतीवरच्या पडद्यावर आलेखाची रेघ उतरत उतरत तळाला टेकली, तेव्हा समितीतल्या सहाही जणांनी टाळ्या वाजवल्या. डॉ. ऋजुता पानसे हिनंही वाजवल्या. अकरा वर्षांचं काम होतं ते.

आलेख तीनशे बारा माणसांचा होता. सगळे हाणामारीच्या आणि त्याहून वाईट गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी. दोन वर्षांपूर्वी प्रत्येकाच्या कानामागे, हाडाच्या आत, तांदळाच्या दाण्याएवढा एक संयमक बसवून त्यांना अटींवर घरी सोडलं होतं. संयमक म्हणजे वाईट कृत्य घडण्याआधीच माणसाचा हात थांबवणारं यंत्र. असं थांबवण्याला प्रयोगशाळेत ‘रोध’ म्हणत. पहिल्या महिन्यात माणसामागे सरासरी एक्केचाळीस रोध नोंदले गेले होते. गेल्या चार महिन्यांत एकही नाही.

“शून्य!” संस्थेचे संचालक डॉ. निशिकांत वर्टी म्हणाले. “यंत्राला कामच उरलं नाही. माणसं सुधारली.”

समितीच्या अध्यक्ष शकुंतला घारपुरे या निवृत्त न्यायाधीश होत्या. टाळ्या थांबल्यावर त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला.

“मला एक सांगा,” त्या म्हणाल्या. “तीस वर्षं निकाल दिले मी. काय बरोबर नि काय चूक, हे मला कितीदा तरी कळलं नाही. तुमच्या त्या तांदळाच्या दाण्याला कसं कळतं?”

वर्टींनी ऋजुताकडे पाहिलं. मूळ कल्पना तिची होती.

“त्याला कळत नाही, बाई,” ऋजुता म्हणाली. “आम्ही आधी तेच शिकवायला गेलो आणि तीन वर्षं फुकट घालवली. हातात सुरी घेतलेला माणूस खून करणार आहे की कांदा चिरणार आहे, हे यंत्राला बाहेरून सांगता येत नाही. मग लक्षात आलं, ज्याला ते सांगता येतं असा एक जण तिथं आधीच हजर असतो. तो माणूस स्वतः. आपण करायला निघालोय ते वाईट आहे, असं मनात कुठंतरी वाटलं की मेंदूच्या पुढच्या भागात एक बारीक लहर उठते. हात हलायच्या आधी, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी आधी. तिला आम्ही टोचणी-लहर म्हणतो. निर्ढावलेल्या गुन्हेगाराच्या डोक्यातही ती उठते, फक्त तो तिला जुमानत नाही. संयमक जुमानतो. लहर उठली की हाताकडे जाणारा निरोप तो वाटेतच अडवतो.”

“म्हणजे अडवतं ते त्याचंच मन.”

“त्याचंच. आम्ही त्या मनाला थोडं बळ दिलं, इतकंच.”

“आणि उद्या हा माणूस देवापुढे उभा राहिला, तर पुण्य कुणाच्या नावावर?”

“ते देव आणि तो बघून घेतील,” वर्टी म्हणाले. “तुरुंग ओस पडले की आमचं काम झालं.” सगळे हसले. राज्यातल्या चाळीस हजार कैद्यांना संयमक बसवावेत, अशी शिफारस पंधरा दिवसांत शासनाकडे जायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी याकोब उजागरे तपासणीला आला.

याकोब राहुरीकडचा, पन्नाशीचा, वायरमन. आठ वर्षांपूर्वी भांडणाच्या भरात त्यानं मेव्हण्याच्या तोंडावर पान्हा मारला होता. मेव्हण्याचा एक डोळा गेला. तीनशे बारा जणांत ऋजुताला हा सर्वांत जवळचा वाटे, कारण तो बोलायचा. सुरुवातीला प्रत्येक रोधाची हकिकत तो रंगवून सांगायचा. “काल शेजाऱ्यावर हात उगारला, डॉक्टरबाई, तर मनगट कुणीतरी धरल्यासारखं झालं. म्हणलं, प्रभूच आला.” मग घरी जाऊन तो रडलेला असायचा, तेही सांगायचा. अलीकडे असं सांगण्यासारखं काही घडत नव्हतं.

ऋजुतानं त्याच्या कानामागे संयमकातल्या नोंदी टिपणारा वाचक लावला आणि सवयीनं विचारलं, “आई कशा आहेत?”

“आई गेली. नऊ जुलैला.”

“अरेरे. एकाएकी?”

“मी तिचं प्राणवायूचं मशीन बंद केलं.”

नळ बंद केला म्हणावं, त्या सुरात तो हे बोलला. ऋजुताला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

“बंद केलं? का? डॉक्टरांनी सांगितलं होतं?”

“नाही, नाही. चार वर्षं अंथरुणात होती. अर्धं अंग लुळं. तिचं सगळं मलाच करावं लागायचं. त्या दिवशी दुपारी मी कंटाळलो होतो. म्हणलं, बघावं. बटणाकडे हात नेला. तुम्हीच सांगितलेलं, चुकीचं असलं तर हात पुढं जायचा नाही. तर गेला. काही अडलं नाही. म्हणजे ते चुकीचं नव्हतं.”

“त्या शुद्धीवर होत्या?”

“होती की. सकाळी तर म्हणत होती, येत्या रविवारी मला उपासनेला उचलून ने, खुर्चीवर बसव.”

“याकोबभाऊ, तुम्ही बटण दाबलंत तेव्हा त्या काही म्हणाल्या?”

“बोलता येत नव्हतं मशीनशिवाय. मान हलवली.”

“कशी?”

याकोबनं सावकाश मान हलवून दाखवली. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. नाही, नाही. मग म्हणाला, “मी चहा ठेवला. चहा होईतो गेली.”

ऋजुतानं वाचक खाली ठेवला. एकच गोष्ट तिला सुचत होती, आणि ती खरी असावी म्हणून ती मनातल्या मनात विनवणी करत होती. संयमक बिघडलेला असणार. विद्युतघट संपला असणार. एखादी तार सुटली असणार.

याकोबला बाहेर बसवून तिनं नऊ जुलैची नोंद उघडली. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. संयमक चालू. विद्युतघटात ऐंशी टक्के शक्ती. उजव्या हाताकडे निघालेला निरोप स्पष्ट नोंदलेला. आणि टोचणी-लहर? त्या जागी सपाट रेघ होती.

तिनं त्याला पुन्हा आत बोलावलं, हातात पेला दिला आणि तो पुढे करत असतानाच बाहेरून एक कृत्रिम टोचणी-लहर संयमकात सोडली. याकोबचा हात जागच्या जागी गोठला.

“चालतंय की मशीन,” तो खुशीत म्हणाला. “किती दिवसांनी अडलं!”

यंत्र उत्तम चाललं होतं. लहरच उठली नव्हती.

त्या आठवड्यात ऋजुता स्वतः चाळीस घरी गेली. आजवर संस्थेनं फक्त रोध मोजले होते. रोध नाही म्हणजे वाईट कृत्य नाही, असं धरून कुणी घरी जाऊन विचारलंच नव्हतं. तिनं साधे प्रश्न विचारले. एकानं शेजारच्या म्हाताऱ्याचं पाणी तोडलं होतं, म्हाताऱ्याच्या रडण्याची कटकट नको म्हणून दारही लावून घेतलं होतं. एकानं मुलीला चार दिवस न्हाणीघरात कोंडलं होतं. याकोबचं धरून अशी पाच घरं निघाली. पाचही जणांनी विचारताक्षणी सगळं सांगितलं. लपवायचं असतं, हेच त्यांना वाटलं नव्हतं. प्रत्येकाचं उत्तर एकच होतं. हात अडला नाही.

पाचही नोंदी घेऊन ती वर्टींच्या खोलीत गेली.

“सर, आपण आलेख उलटा वाचला. रोध शून्यावर आले ते माणसं सुधारली म्हणून नाही. त्यांची टोचणी मेली म्हणून. हात सहा महिने प्लास्टरमध्ये ठेवला तर स्नायू वाळतात ना, तसं. आधी टोचणी लागली की माणसाला स्वतः काहीतरी करावं लागायचं. एक तर थांबायचं, नाही तर चूक करून नंतर जळायचं. ते काम आपण यंत्राकडे दिलं. दोन वर्षांत मेंदूनं ती लहर उठवणंच सोडून दिलं. आणि ज्या दिवशी ती थांबली, त्या दिवसापासून यंत्रही आंधळं झालं. कारण त्याला स्वतःचे डोळे कधी नव्हतेच.”

वर्टींनी पाचही कागद शांतपणे वाचले. मध्येच एकदा मान डोलावली.

“तर्क बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण चाळिसांत पाच म्हणजे काही फार नाहीत. या बाहेरच्या नोंदी आहेत, यंत्राच्या नव्हेत. अहवालात येणार नाहीत.”

“सर, एका बाईचा जीव गेला.”

“हो, वाचलं मी.”

“चाळीस हजार माणसं, सर!”

“ऋजुता, तू उगाच अस्वस्थ होतेस. यात काही गैर असतं तर मला कळलं असतं. कुणाला सांगितलं नाही मी, पण वीस महिन्यांपूर्वी मी स्वतः संयमक बसवून घेतला. म्हटलं, लोकांना द्यायचा तर आधी आपण.” त्यांनी कानामागे बोट लावून दाखवलं आणि समोरचा अहवाल जवळ ओढला.

ऋजुता त्यांच्या उजव्या हाताकडे पाहत राहिली. उभ्या आयुष्यात तिनं इतकी मनापासून प्रार्थना केली नव्हती. थांबू दे. क्षणभर तरी अडखळू दे. लेखणी कागदावर टेकली, आणि नेहमीची वळणदार सही एका दमात पूर्ण झाली.

तिनं स्वतः सही केली नाही. पाच नोंदी ती घारपुरेबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी समितीत विरोध नोंदवला. ठराव पाच विरुद्ध एक असा संमत झाला. विरोधाची टीप अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरांत छापली गेली.

याकोबला मात्र तिनं सगळं सांगितलं. त्यासाठी ती राहुरीला गेली. आईचा पलंग अजून तिथंच होता. त्यावर त्यानं वायरींची वेटोळी रचून ठेवली होती.

“म्हणजे मशीनला पाप कळत नव्हतं?” त्यानं विचारलं.

“नाही. ते तुमच्या मनाला विचारायचं.”

“आणि माझं मन काय म्हणालं?”

“काहीच नाही, याकोबभाऊ.”

तो पलंगाच्या कडेवर बसला. मग म्हणाला, “न्यायाच्या दिवशी प्रभू मला विचारणार, याकोबा, आईला का मारलंस? मी म्हणणार होतो, तूच तर हात धरला नाहीस. आता काय सांगू?”

त्यानं ऋजुताकडे पाहिलं.

“पोलिसांत जाऊ का?”

“जायला हवं.”

“बरं, जातो,” तो म्हणाला आणि चपला शोधू लागला. दूध आणायला निघाल्यासारखा.

खटला चालला. वकिलानं सगळा दोष यंत्रावर घालायचा प्रयत्न केला. यंत्रानं याकोबचीच आज्ञा पाळली, हे ऋजुतानं साक्षीत सांगितलं. तेच खरं होतं, आणि त्याच साक्षीवर याकोबला जन्मठेप झाली. निकाल ऐकताना त्यानं न्यायाधीशांना हात जोडले. त्याच्या विनंतीवरून कानामागचा दाणा काढून टाकण्यात आला. तोवर त्याच्या बराकीतल्या बाकीच्या सगळ्यांना नवे दाणे बसले होते.

आठ महिन्यांनी ऋजुता त्याला तुरुंगात भेटायला गेली. संस्था तिनं सोडली होती. एका महाविद्यालयात ती शिकवत होती. याकोब वाळला होता, पण टापटीप होता.

“दर रविवारी पाळकसाहेब येतात,” तो सांगू लागला. “मी त्यांना सगळं कबूल केलं. ते म्हणाले, पश्चात्ताप कर, देव दयाळू आहे, क्षमा करेल. म्हणलं, साहेब, तो होतच नाही. ते म्हणाले, प्रार्थना कर, होईल. रोज करतो. गुडघे टेकतो. आईचा फोटो समोर ठेवतो. तिनं मान हलवली ते आठवतो, मुद्दाम आठवतो. मी चूक केली हे मला ठाऊक आहे, डॉक्टरबाई. पाठ आहे मला. दोन आणि दोन चार असतात, तसं पाठ आहे.”

 मग गजांजवळ सरकून, हळू आवाजात, आशेनं विचारू लागला.

“तुमच्याकडे ते दुसरं मशीन होतं ना, बाहेरून लहर सोडायचं? ज्यानं माझा हात गोठवलात?”

“त्यानं फक्त यंत्र फसतं, याकोबभाऊ. माणसाला काही वाटत नाही.”

“वाटायला लावणारं काहीच नाही?”

“नाही. ते बनवता येत नाही.”

शिपायानं वेळ संपल्याची खूण केली. याकोब उठला. जाता जाता वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, हेच ऋजुताला बघवेना.

“शिक्षा झाली मला,” तो म्हणाला. “पण लागत नाही.”